खोबरं वेगळं, खोबरेल वेगळं

‘बेटांवरचे लोक खोबरेलावर ठणठणीत, मग आपल्यालाच काय धाड भरते?’ हा मुद्दा बहुधा पॅसिफिक महासागरातल्या पुकापुका (कुक बेटांतलं) आणि तोकेलाऊ या बेटांवरच्या १९८१च्या अभ्यासातून आलाय. तोकेलाऊत ६३ टक्के ऊर्जा नारळातून, पुकापुकात ३४. दोन्हीकडे हृदयविकार क्वचितच. पण तोकेलाऊकरांचं कोलेस्टेरॉल पुकापुकापेक्षा जास्त भरलं, हे सांगायला मात्र सगळे सोयीस्करपणे विसरतात!

शिवाय ते लोक बाटलीतलं तेल नाही, मुख्यतः खोबरं आणि नारळाचं दूध खायचे, जोडीला मासे नि नीरफणस. न्यूझीलंडला गेलेल्या तोकेलाऊकरांच्या आहारातली संपृक्त चरबी (सॅच्युरेटेड फॅट, जी नारळात भरपूर असते) ऊर्जेच्या ५० वरून ४१ टक्क्यांवर आली, साखर वाढली, आणि हृदयविकाराचा धोका घटायचा तर उलट वाढलेला दिसला.