गेमप्ले रेकॉर्डिंगला कुठली ड्राइव्ह? दुकानदार जेन 4 गळ्यात मारतोय

शाहूपुरी_गेमर
राम राम मंडळी. ओबीएसवर (स्क्रीन रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर) 1080पी, 60 एफपीएस, एनव्हेंक (ग्राफिक्स कार्डातला एन्कोडर), 50 एमबीपीएसला रेकॉर्ड करतो. विंडोज आणि गेम 256 जीबीच्या साटा (केबलनं जोडायच्या) एसएसडीवर. ती भरली म्हणून रेकॉर्डिंग जुन्या लॅपटॉपमधल्या 1 टीबी हार्ड डिस्कवर वळवलं. सुरुवातीला बरं चालतं, मग व्हिडिओ अडखळतो. गेम मात्र मख्खन. दुकानदार म्हणतोय सेकंदाला 7000 एमबी स्पीडची जेन 4 (चौथ्या पिढीची) एसएसडी घे. मदरबोर्ड बी450, एम.2 ची (एसएसडी थेट बोर्डावर बसवायची) जागा एकच. पैसे पप्पांकडून काढायचेत, तेव्हा जरा बघून सांगा.

लग्नवाला_एडिटर
भावा, आधी गणित कर की. 50 एमबीपीएस म्हणजे मेगाबिट. आठानं भाग, सेकंदाला सव्वासहा एमबी. तासाला साडेबावीस जीबी. एवढ्यासाठी 7000 ची ड्राइव्ह कशाला? त्यात बी450 चा एम.2 जेन 3 चा, म्हणजे ती साडेतीन हजाराच्या आसपासच अडणार. दुकानदाराला हे ठाऊक नसेल असं मला तरी वाटत नाही. असो.

मग सव्वासहा एमबी हार्ड डिस्कला का झेपेना? लॅपटॉपच्या 1 टीबी डिस्क बऱ्याचदा एसएमआर निघतात. आत ट्रॅक छपरावरच्या कौलांगत एकमेकांवर चढवलेले. एक बदलायचा तर पुढचेही परत लिहायला लागतात. जुन्या क्लिपा उडवून त्याच जागेत नवं भरत गेलास की डिस्क आतल्या आत आवराआवर करत बसते आणि रेकॉर्डिंग ताटकळतं.

खात्री करून घे. रेकॉर्डिंग चालू ठेवून टास्क मॅनेजरमध्ये त्या डिस्कचा ॲक्टिव्ह टाइम बघ. 100 टक्के आणि लिहिण्याचा वेग एक-दोन एमबी दिसला तर डिस्कच गळपटतेय. डिस्क निवांत असेल तर ओबीएसच्या स्टॅट्समध्ये एन्कोडिंग लॅग (व्हिडिओ तयार करण्यात एन्कोडर मागं पडतोय का ते) बघ, मग ड्राइव्हवर दमडी घालवू नको.

शाहूपुरी_गेमर
बघितलं. 100 टक्के, वेग दीडच्या पुढं जाईना. म्हणजे साधी साटा एसएसडी बस्स? पण रोज लिहून-पुसून ती लवकर मरत नाही का? मी दिवसाला दोनेक तास रेकॉर्ड करतो.

लग्नवाला_एडिटर
दोन तासाचे 45 जीबी. क्रुशियल एमएक्स500 च्या 1 टीबीला कंपनी 360 टीबी लिखाणाची हमी देते. भागून बघ, वीस वर्षांच्या वर जातंय. तोवर तुझं पोरगं रेकॉर्डिंग करंल. स्वस्तातली क्यूएलसी (एका सेलमध्ये चार बिट कोंबणारी) एसएसडी मिळाली तरी तुझ्या कामाला पुरंल, फक्त भरत आल्यावर मोठ्या फायली कॉपी करताना रडते. मी तर एडिटिंगला तसली घेत नाही, पण माझं काम वेगळं.

रंकाळ्याचा_वारा
ड्राइव्हचं झालं, आता फॉरमॅट बघा. एमपी4 मध्ये रेकॉर्ड करत असाल तर एमकेव्ही करा. आपल्याकडं पावसाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, आणि एमपी4 मध्येच तुटली की बहुतेक वेळा अख्खी फाईल उघडतच नाही. एमकेव्ही तुटली तरी तिथपर्यंतचं हाती राहतं. नंतर ओबीएसच्या फाईल मेनूतून रीमक्स (व्हिडिओ तोच, फक्त फॉरमॅट बदलणं) केलं की एमपी4 तयार, त्याला फार वेळही लागत नाही.

शाहूपुरी_गेमर
एमपी4 च होतं, बदललं. 1 टीबी साटा ठरली. एम.2 रिकामाच ठेवू?

लग्नवाला_एडिटर
ठेव. पुढं 256 ची बदलशील तेव्हा विंडोज आणि गेम तिथं टाक. आधी बोर्डाचं मॅन्युअल वाच मात्र, काही बी450 वर एम.2 भरला की एक-दोन साटा पोर्ट बंद होतात. आणि एसएसडीबरोबर साटा केबल वेगळी मागून घे, डब्यात सहसा नसते.