तारीख ठरली, डोंगर ठरेना

(घरचा ग्रुप, शनिवार संध्याकाळ)

काका: ठरलं. पानांचे रंग बघायला ५ ते ८ ऑक्टोबर, न्यू हॅम्पशायर, व्हाइट माउंटन्स. त्यातला एक दिवस माउंट लाफायेट आणि फ्रँकोनिया रिजचा, म्हणजे त्या डोंगरधारेचा, फेरा. फोटो वर टाकलेत. कुणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा.

काकू: मी इथेच शेजारी बसलेय. मला कुणी विचारलं नाही.

काका: ग्रुपवर विचारतोय ना!

दादा: बाबा, किती मैल आहे ते?

काका: नऊच्या आत.

मी: काका, नऊच्या आत म्हणजे पावणेनऊ. आणि चढ ३,८०० फुटांच्या वर. मी दोन वर्षांपूर्वी केलाय, सकाळी साडेसहाला सुरुवात करून चार वाजता गाडीपाशी आले होते. तेव्हा गुडघे माझे होते, काकूचे नव्हते.

काकू: हिला म्हणतात माणूस.

काका: मग काय सपाटीवर फिरायला एवढ्या लांब जायचं? रंग बघायचे तर उंच गेलंच पाहिजे.

मी: तिथेच तर गंमत आहे. तुम्ही डोंगर उंची बघून निवडताय. पानं बघायला जायचं तर झाडं बघून निवडावा. तिकडे साधारण अडीच हजार फुटांपर्यंत मेपल, बर्च, बीच अशी पानगळीची झाडं. तीन हजारांच्या पुढे स्प्रूस आणि फर सुरू होतात, ते बारा महिने हिरवेच. लाफायेट ५,२०० फुटांच्या वर, त्याच्या माथ्यावर झाडच नाही, नुसता खडक आणि वारा. रंग दिसतो, पण दोन-तीन हजार फूट खाली, गोधडी पसरल्यासारखा. छान दिसतो, नाही म्हणत नाही. पण चालताना अर्धा वेळ तुम्ही हिरव्यातून आणि उरलेला वेळ दगडांवरून जाता.

काका: गोधडी काय वाईट आहे?

मी: वाईट नाही हो. पण चार दिवसांत एकदाच, तेही हवा चांगली असली तर.

आत्या: मी एक विचारू का? थंडी कडक पडली की पानं जास्त लाल होतात ना? मग तीन आठवडे उशिरा जाऊ. नोव्हेंबरच्या तोंडाशी.

छोटी: आत्या नको!! कडक थंडीने उलट पानं करपतात नि गळतात. थांब, नीट लिहिते.

छोटी: पिवळा आणि केशरी रंग पानात उन्हाळ्यापासून असतोच, हिरव्याखाली झाकलेला. दिवस लहान होत गेले की झाड हरितद्रव्य बनवणं थांबवतं, हिरवा उतरतो नि खालचा पिवळा दिसायला लागतो. म्हणून बर्चचा पिवळा दरवर्षी जवळपास सारखाच. लालचं वेगळं आहे. तो रंग झाड शरद ऋतूतच नव्याने बनवतं, पानात अडकलेल्या साखरेपासून. दिवसा स्वच्छ ऊन असलं तर साखर भरपूर बनते, आणि रात्री गार पण गोठण्याच्या वरच राहिल्या तर ती पानातच राहते. म्हणून एका वर्षी लाल भडक आणि दुसऱ्या वर्षी फिका. सगळे दिवस ढगाळ गेले की लाल मार खातो.

आत्या: म्हणजे थंडी हवी, पण बर्फ नको.

छोटी: बरोब्बर.

आत्या: आमच्या वेळी असं कुणी सांगितलं असतं तर वनस्पतिशास्त्रात बरे मार्क पडले असते.

दादा: तारखांचं बोला. ऑक्टोबरचा दुसरा सोमवार सुट्टीचा, लाँग वीकेंड. मला सुट्टी टाकावी लागणार नाही. तेव्हाच का नाही जायचं?

मी: दादा, तो वीकेंड सोडून कुठलाही. अख्खं न्यू इंग्लंड त्याच तीन दिवसांत त्याच तीन रस्त्यांवर असतं. एकदा त्या शनिवारी आम्ही आर्टिस्ट्स ब्लफला सकाळी नऊला पोचलो, गाडी लावायला जागाच नाही. चाळीस मिनिटं फिरून परत निघालो. टेकडी दीड मैलाची! नंतर कळलं, रस्त्याच्या कडेला गाड्या लावलेल्यांना दंड झाला. सोमवार ते गुरुवार जाऊ, एक रजा टाक.

दादा: चार टाकाव्या लागतील.

वहिनी: टाक ना मग. मागच्या वर्षी रजा फुकट गेल्या तुझ्या.

दादा: 🙄

मी: आणि सगळ्यांनी एक लक्षात ठेवा. तारीख आत्ता पक्की करू, डोंगर नको. रंग डोंगरावरून खाली उतरत येतो आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकतो. दलदलीतले लाल मेपल सप्टेंबरच्या मध्यालाच पेटलेले असतात. मग उंचावरचे बर्च, मग दरीतले साखर मेपल, सगळ्यात शेवटी बीच आणि ओक. व्हाइट माउंटन्सचा बहर बहुतेक सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. आपण गेलो तेव्हा वर गळून गेलं असेल तर खाली जायचं. खाली अजून हिरवं असेल तर वर. एकच ट्रेल ठरवून बसलो आणि तिथे नुसते खराटे दिसले, तर काका वर्षभर मला ऐकवतील.

काका: मी असं कधी केलंय?

काकू: काढू का यादी?

वहिनी: आमचं पिल्लू पाच वर्षांचं आहे हे कुणी लक्षात घेतलंय का? त्याला 'रंग बघायला चल' म्हटलं तर तो मोबाइलवर बघतो म्हणेल.

मी: वहिनी, त्याच्यासाठी लिंकन वूड्स. जुन्या लाकूडवाहू रेल्वेचा मार्ग आहे, रूळ काढून टाकलेत. रुंद, सपाट, नदीकाठाने. हवं तेवढं चालायचं आणि परत फिरायचं. वाटेत रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर मातीत रुतलेले दिसतात, ते मोजत मोजत तो दोन मैल सहज जाईल.

दादा: तिथे रेल्वे होती? त्या जंगलात?

मी: होती, म्हणून तर जंगल राहिलं नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या डोंगरांवरची झाडं सपासप तोडली, उरलेल्या फांद्यांना आगी लागल्या. मग ओरड झाली, १९११ मध्ये वीक्स कायदा आला, सरकारने जमिनी विकत घेतल्या आणि १९१८ मध्ये हे राष्ट्रीय वन झालं. जळलेल्या उघड्या जागेवर सगळ्यात आधी कागदी बर्च येतो. तिथे पांढऱ्या खोडांच्या नि पिवळ्या पानांच्या रांगाच्या रांगा दिसतात ना, त्यातल्या बऱ्याच या तोडीच्या नि आगींच्या मागून आल्यात. लोक फोटो काढताना म्हणतात, किती अस्पर्श निसर्ग. मला हसू येतं.

आत्या: हे मला कॅप्शनला दे.

(रविवार सकाळ)

काका: रात्री नकाशा घेऊन बसलो होतो. माझ्या मते कँकमॅगस हायवेने गाडीतून जायचं, मध्ये मध्ये उतरायचं. काकूचाही प्रश्न सुटेल.

काकू: माझा प्रश्न! 😀

मी: जाऊच. लिंकन ते कॉनवे जवळजवळ ३५ मैल. पण पेट्रोल आधी भरून घ्यायचं, मध्ये एकही पंप नाही. मोबाइलची रेंजही येते-जाते, तेव्हा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. आणि संध्याकाळी हळू चालवा, तो मूसच्या, म्हणजे तिकडच्या थोराड हरणाच्या, माजाचा हंगाम असतो. अंधारात मूसचे डोळे गाडीच्या दिव्यात चमकतातच असं नाही, कारण तो एवढा उंच की डोळे दिव्यांच्या झोताच्या वर राहतात.

वहिनी: पिल्लूला हे सांगितलं. आता त्याला यायचंय.

मी: पण काका, गाडीतून बघणं आणि चालणं यात फरक आहे. मी म्हणते पहिल्या दिवशी सगळ्यांनी मिळून माउंट विलार्ड.

काका: उंची?

मी: तुम्ही हसाल. २,९०० फुटांच्याही आत. जाऊन-येऊन ३.२ मैल, चढ साधारण ९०० फूट. आणि माझ्या मते तिथे घामाच्या थेंबामागे जेवढा रंग मिळतो तेवढा दुसरीकडे कुठे मिळत नाही. पूर्वी घोडागाड्या जायच्या त्या रस्त्याने वर जायचं, त्यामुळे चढ सलग आणि सौम्य. पूर्ण वेळ जंगल, काही दिसत नाही, मुलं कंटाळतात. आणि एकदम झाडं संपतात, समोर उघडा कडा आणि खाली क्रॉफर्ड नॉचची अख्खी दरी. हिमनदीने कोरलेली, इंग्रजी यू अक्षरासारखी. दोन्ही बाजूंच्या भिंती खालपासून वरपर्यंत रंगलेल्या आणि खाली रेल्वेचा रूळ. तुम्ही रंगाच्या वर नसता, रंगाच्या तोंडाशी असता.

आत्या: उजेड कुठल्या बाजूने?

मी: तुला हेच विचारायचं असणार. दरी आग्नेयेकडे उघडते. सकाळी उजवीकडची विली डोंगराची भिंत उजळते, दुपारनंतर डावीकडची वेब्स्टर डोंगराची. भर दुपारी ऊन तोंडावर येतं, तेव्हा कॅमेरा खाली ठेव आणि डबे उघड. आणि ढग आले तर रडू नकोस. जंगलाच्या आत ढगाळ उजेडात, त्यातून पाऊस पडून गेला असेल तर, पानांचा रंग उन्हापेक्षा गडद येतो. ऊन हवं दूरच्या डोंगराला.

आत्या: पोलरायझर घेते. ओल्या पानांची चकाकी मारतो तो.

छोटी: विली म्हणजे ते दरड कोसळलेलं कुटुंब?

मी: हो. ऑगस्ट १८२६. रात्री डोंगर आवाज करायला लागला म्हणून माणसं घराबाहेर पळाली आणि दरडीखाली गेली. घर मात्र जसंच्या तसं राहिलं, दरड मागच्या उंचवट्यावर फुटून दोन बाजूंनी गेली.

काकू: सकाळी सकाळी काय हे.

वहिनी: पिल्लूला हे सांगत नाही.

काकू: माझं एकच विचारणं आहे. चढायला मला त्रास नाही, उतरताना गुडघा धरतो. आणि ओल्या पानांवरून पाय सटकला तर?

मी: काकू, खरी अडचण तीच आहे, आणि ती फक्त तुझी नाही. पानं पडली की खालचे दगड, मुळं काहीच दिसत नाही. दोन काठ्या घे, उतरताना काठ्या थोड्या लांब करायच्या. तळवे घासलेले बूट नकोत. छोट्या पावलांनी उतर, मी तुझ्या पुढे चालेन. आणि पानांनी वाट झाकली तर वाट दाखवायला झाडांच्या खोडांवर रंगवलेल्या पट्ट्या बघत जायचं. पायाखाली बघून वाट सापडत नाही तेव्हा.

काकू: तू पुढे? मी पडले तर तुझ्यावर पडेन.

मी: म्हणूनच.

दादा: सूर्यास्त किती वाजता?

मी: सव्वासहाच्या सुमारास, पण दरीत ऊन त्याच्या बरंच आधी जातं. हेडलॅम्प प्रत्येकाकडे हवा. फोनची टॉर्च म्हणजे हेडलॅम्प नव्हे, हे काकांसाठी.

काका: वाचलं.

काका: बरं. विलार्ड मान्य. पण लाफायेट मी सोडणार नाही. दादा येईल माझ्याबरोबर.

दादा: मी कधी म्हणालो?

वहिनी: जा रे.

मी: जा ना, मी कुठे अडवते? पण एक अट. आदल्या संध्याकाळी माउंट वॉशिंग्टन वेधशाळेचा उंच शिखरांसाठीचा अंदाज बघायचा. ते त्या शिखरावर बसून हवा मोजतात, १९३४ मध्ये त्यांनीच ताशी २३१ मैल वेगाचा वारा नोंदवला होता. पायथ्याशी टीशर्टची हवा असते तेव्हा रिजवर टोपी उडत असते, ऑक्टोबरमध्ये बर्फही पडतो. रिजवर दीड-पावणेदोन मैल डोक्यावर आडोसा नाही. वारा जास्त सांगितला तर बेत रद्द, तिथे जाऊन 'बघू या' नाही.

काका: रद्द म्हणजे रद्द. शब्द.

काकू: लिहून ठेवलंय, ग्रुपवर आहे.

छोटी: आणि बाकीचे त्या दिवशी काय करणार?

मी: ते मी बघून ठेवलंय. लाफायेटची वाट सुरू होते तिथेच रस्त्याच्या पलीकडून लोनसम लेकची वाट. एक मैल आणि थोडं वर, चढ १,००० फूट. तळं छान, काठाला लाकडी फळ्यांची वाट, आणि पाण्यापलीकडे समोर फ्रँकोनिया रिज पूर्ण दिसते. सकाळी सातच्या आत पोचलो तर गाड्या लागतील. एकाच ठिकाणाहून निघू आणि तिथेच परत भेटू.

आत्या: पाण्यात प्रतिबिंब पडेल?

मी: वारा नसेल तर. सकाळी लवकर.

दादा: आणि मेन राज्यात जाऊन अकेडिया राष्ट्रीय उद्यान? समुद्रकाठ आहे, मला ते जास्त आवडलं असतं.

मी: ते राखीव. तिथे रंग उशिरा येतो, ऑक्टोबरच्या मध्याला. आपण जायच्या आठवड्यात व्हाइट माउंटन्स अजून हिरवेच असतील तर तिथे काही मिळणार नाही. पण उलट झालं, इथलं लवकर गळून गेलं, तर शेवटचे दोन दिवस तिकडे वळू. गाडी चालवायची तयारी ठेव. तिथल्या कॅडिलॅक माउंटनवर गाडीने जायचं तर आधी आरक्षण लागतं, ते मी बघते.

वहिनी: मग राहायची जागा रद्द करता येणारी घेऊ.

मी: वहिनी, हे सगळ्यात शहाणपणाचं वाक्य आहे आजचं.

काका: मला एवढंच सांगा, मी वर रिजवर असेन तेव्हा तुम्ही सगळे खाली तळ्याकाठी?

आत्या: हो. मी मोठी लेन्स आणतेय. लाल जॅकेट घाल, दिसशील.

छोटी: लाल नको आत्या, तिथे सगळंच लाल असणार.

काकू: निळं आहे त्यांचं एक. कपाटात वरच्या खणात. अहो, उठा, बघा बरं अजून होतंय का.