मधुमेही बोक्याला थायरॉईडची गोळी : आत्ता की थांबून?

खारीबिस्कीट :
आमचा ढोल्या १२ वर्षांचा. दीड वर्षापासून डायबेटिस, ग्लार्जिन इन्सुलिन सकाळ-संध्याकाळ. हल्ली ढोल्या म्हणून हाक मारतानाही कसंतरी होतं, चार महिन्यांत ५.८ किलोचा ४.६ झालाय. खाणं मात्र बकासुराचं. रात्री तीनला घरभर ओरडत फिरतो. पाणी पितो, शू करतो, पुन्हा पितो. शुगरच चढलीय असं धरून व्हेटना विचारून इन्सुलिन दीडवरून दोन युनिट केलं. परवा त्यांनी मान चाचपली तर बारीक गाठ लागली. रक्तातला टी-४ (थायरॉईडचं हार्मोन) लॅबच्या रेंजमध्ये, पण वरच्या टोकाला. त्या म्हणतात, थायरॉईड वाढलेलं धरून मेथिमाझोल, म्हणजे ते उतरवणारी गोळी, सुरू करू. नवरा म्हणतो रिपोर्ट नॉर्मल आहे, आधी शुगर बघू. खरं सांगते, मीही त्याच बाजूला आहे.

टांगेवाला :
नवरोबा बरोबर आहेत. ही गोळी सुरू झाली की पहिल्या काही आठवड्यांत उलट्या, खाणं कमी होणं चालतं. इन्सुलिनवरचा बोका जेवलाच नाही तर शुगर धाडकन खाली. आणि उलटी नेमकी कशाने झाली ते कोण सांगणार? शिवाय वाढलेल्या थायरॉईडमुळे किडनीला रक्त जास्त मिळतं, त्यामुळे आजारी किडनीही रिपोर्टात ठीक दिसते. गोळीने थायरॉईड उतरलं की क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, वर येतं. एका वेळी एकच गोष्ट हलवा.

मोगरा_८ :
साफ असहमत. थायरॉईड मोकाट असताना शुगर आटोक्यात येईलच कशी? त्याने शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं. तुम्ही युनिट वाढवत राहाल आणि पाठलाग संपणार नाही.

राहिला तो "नॉर्मल" रिपोर्ट. दुसरा आजार अंगात असला की टी-४ खाली ओढला जातो. १२ वर्षांचा, मधुमेही, भरपूर खाऊन वाळत चाललेला, मानेत गाठ, आणि तरी आकडा रेंजच्या आतच, वरच्या टोकाला? मला तर तो आकडाच संशयास्पद वाटतो. फ्रुक्टोसामाइन, म्हणजे मागच्या काही आठवड्यांच्या शुगरचा अंदाज देणारी रक्ततपासणी, केलं होतं का?

खारीबिस्कीट :
हो, ते चांगलं आलं होतं. म्हणून तर बुचकळ्यात आहोत, घरच्या मीटरवर शुगर ३०० च्या वर दिसते.

मोगरा_८ :
तिथेच मेख आहे. फ्रुक्टोसामाइन म्हणजे साखर चिकटलेलं रक्तातलं प्रथिन. थायरॉईड वाढलं की ती प्रथिनं लवकर झिजतात, साखर चिकटायला वेळच मिळत नाही. आकडा खोटा कमी येतो. तुमचा मीटर माणसांचा असेल तर तो मांजरात सहसा खरी शुगर आहे त्याहून कमी दाखवतो, म्हणजे ३०० ला आणखीच गंभीर धरा.

दहीपोहे :
आईच्या थायरॉईडच्या गोळ्या घरात आहेत, त्यातलीच पाव दिली तर?

मोगरा_८ :
अहो नको!! आईचं थायरॉईड कमी पडतं म्हणून तिला बाहेरून देतात. मांजरांत बहुतेक वेळा ते उतू जात असतं. आगीत तेल होईल.

निवांत :
१२ वर्षं म्हणजे आजोबाच की. कशाला सुया, गोळ्या, फेऱ्या? सुखाने जगू द्या.

टांगेवाला :
निवांतराव, रात्री तीनला भुकेने ओरडणं हे सुख नव्हे. इथे मी मोगराताईंच्या बाजूला. फ्रुक्टोसामाइनचं मला ठाऊक नव्हतं, तेही मान्य. पण "लगेच सुरू" याला अजूनही विरोध. आधी क्रिएटिनिन, लघवी आणि रक्तदाब पाहा. या आजारात बीपी चढून डोळे जायचीही भीती असते.

मोगरा_८ :
तपासण्यांना कुणाची ना आहे? दोन दिवसांचं काम. महिने घालवू नका एवढंच. मात्र सुरू केल्यावर धोक्याची बाजू उलटी होते, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा : थायरॉईड उतरलं की इन्सुलिनची गरजही उतरते. आज पुरत नाहीत ती २ युनिटं तीन आठवड्यांनी जास्त होतील. लटपटायला लागला, नजर हरवली तर हिरड्यांना मध चोळून थेट व्हेटकडे. रोज शुगर बघणं जमणार नसेल तर टांगेवाल्यांचं थांबा म्हणणं मलाही पटेल.

खारीबिस्कीट :
वाचून दाखवलं. नवरा म्हणाला "बघू", म्हणजे आमच्याकडे अर्धा होकार. सोमवारी किडनी आणि बीपी, सोबत टी-४ पुन्हा आणि फ्री टी-४ (प्रथिनांना न चिकटलेला, मोकळा टी-४). ठीक निघालं तर कमी डोसने गोळी. शुगर बघायला कानाला टोचायचं काम नवऱ्याकडे दिलंय, माझ्या मनगटावर आधीच चार ओरखडे आहेत. ढोल्या आत्ता पोळीचा डबा उघडायच्या खटपटीत आहे.

टांगेवाला :
क्रिएटिनिन आलं की इथे टाका. वाढलेलं असेल तर मी पुन्हा भांडायला येतो.