प्रकल्प संपतोय, फ्रीझरमधल्या नमुन्यांचं काय करायचं?

मीनल_लॅब: नमस्कार. मी इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात स्तनाच्या कर्करोगावर काम करते. आमच्या प्रकल्पाची एथिक्स कमिटीची मान्यता पुढच्या महिन्यात संपते. उणे ८० च्या फ्रीझरमध्ये गाठींचे १४० तुकडे आहेत, शिवाय प्लाझ्मा आणि वेगळा काढलेला डीएनए. सर म्हणतात, राहू दे, पुढे उपयोगी पडेल. माझं मन होत नाही. यातल्या कितीतरी बायकांनी ऑपरेशनच्या दिवशी सकाळी माझ्यासमोर सह्या केल्यात. असे नमुने ठेवायला परवाना लागतो म्हणतात, तो नक्की कशाकशाला लागतो?

टिश्यूबँक_काका: मीनलताई, मान्यता आहे तोवर त्या प्रकल्पापुरती परवान्यातून सूट असते. ती संपली की सूटही संपली. मग पेशी असलेली कुठलीही गोष्ट पुढच्या संशोधनासाठी ठेवायची तर ह्यूमन टिश्यू ऑथॉरिटीचा (मानवी ऊतींच्या वापरावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा) परवाना असलेल्या जागेतच. तुकडे त्यात येतात. डीएनए येत नाही, प्लाझ्माही नाही, पण त्यात पेशी उरलेल्या नाहीत याची खात्री करून घ्या.

विद्यापीठाकडे परवाना असेल तर 'डेझिग्नेटेड इंडिव्हिज्युअल', म्हणजे त्या परवान्यासाठी नेमलेली व्यक्ती, असणारच. कायद्याने जबाबदारी त्यांच्यावर असते, सरांवर नाही. त्यांना आजच लिहा. परवान्याशिवाय साठवणं हा गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मानवी ऊतींचा हा कायदा २००४ चा, पण त्यामागे लिव्हरपूलच्या 'ऑल्डर हे' नावाच्या बालरुग्णालयातलं प्रकरण आहे. गेलेल्या मुलांचे अवयव आईवडिलांना न सांगता तिथे काढून ठेवले होते. २००१ साली त्याच्या चौकशीचा रेडफर्न अहवाल आला. एकाच लेकराचे अंत्यसंस्कार काही घरांना पुन्हा पुन्हा करावे लागले. फ्रीझर उघडताना मला अजून ते आठवतं.

एडिनबराकर: फक्त एक. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे, २००६ चा. संशोधनासाठी साठवायला इथे हा परवाना लागत नाही. नमुने इकडून तिकडे पाठवणाऱ्यांची याच मुद्द्यावर गल्लत होते.

मीनल_लॅब: काका, आमच्या डेझिग्नेटेड इंडिव्हिज्युअल बाईंचं लगेच उत्तर आलं. तुकडे विद्यापीठाच्या परवानाधारक टिश्यू बँकेत हलवायचे, पण आधी एकेक संमतीपत्र बघायचं. काल रात्री बसून बघितली. ३१ जणींनी 'फक्त याच अभ्यासासाठी' यावर खूण केलीय. त्यांचे तुकडे बँकेत जाणार नाहीत. मान्यता संपायच्या आत, इतर कचऱ्यात न मिसळता, वेगळे नष्ट करून नोंद ठेवायची. सरांना सकाळी सांगितलं. ते गप्प राहिले, मग म्हणाले, यादी दे.