मदत हवी आहे : कोफॅक्स आणि श्मिता वर्ष

नमस्कार मंडळी. ६ ऑक्टोबर १९६५ ला योम किप्पूर (ज्यूंचा उपवासाचा, सर्वांत पवित्र दिवस) होता म्हणून डॉजर्स या अमेरिकन बेसबॉल संघाचा ज्यू पिचर (चेंडू टाकणारा) सँडी कोफॅक्स याने वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अजिंक्यपदाच्या मालिकेच्या, पहिल्या सामन्यात चेंडू हाती घेतला नाही. संघ ८-२ ने हरला. सातवा सामना मात्र त्यानेच जिंकून दिला.

ज्यू पंचांगात ते वर्ष ५७२६. वहीत सातने भागलं, बाकी शून्य! म्हणजे श्मिता, जमीन पडीक ठेवायचं सातवं वर्ष. अंगावर काटाच आला. जमिनीचा नियम फक्त इस्राएलच्या भूमीपुरता, हे ठाऊक आहे. तरी त्या काळी कुणा रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी) प्रवचनात हा धागा जोडला होता का? आणि बेने इस्रायल (मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या) घरांत श्मिताला मराठीत काय म्हणतात? माहीत असेल त्यांनी कृपया सांगा.