मध्यम मार्ग म्हणजे दोन बाजूंमधला तोडगा आहे का?

धागालेखिका, कोथरूड

घरकामाला येणाऱ्या बायकांनी लिफ्ट वापरावी की जिना, यावर आमच्या सोसायटीच्या सभेत गेल्या रविवारी तासभर वाद झाला. शेवटी एका ज्येष्ठ सभासदांनी 'सकाळी दहापर्यंत लिफ्ट, त्यानंतर जिना' असा तोडगा सुचवला आणि 'बुद्धांनीही मध्यम मार्गच सांगितला आहे' असे ते म्हणाले. ठराव संमत झाला. मला त्या ठरावाइतकाच त्याला दिलेला आधारही खटकतो.

धम्मचक्कप्पवत्तन सुत्तात, वाराणसीजवळच्या ऋषिपतनात पाच भिक्खूंना उपदेश करताना, बुद्धांनी कामसुखात रमणे आणि देहाला क्लेश देणे ही दोन टोके त्याज्य ठरवली. पण थोडा भोग आणि थोडा उपवास अशी बेरीज करून त्यांनी मधला रस्ता काढला नाही. त्यांनी अष्टांगिक मार्ग सांगितला, आणि त्याचे पहिले अंग सम्यक दृष्टी आहे, म्हणजे दुःख, दुःखाचे कारण, दुःखाचा निरोध आणि निरोधाचा मार्ग यांचे ज्ञान. जी बाई धुणीभांडी करून पाच मजले चढते तिचे दुःख आणि त्यामागची आपली समजूत न पाहता काढलेल्या तोडग्याला मध्यम मार्ग म्हणता येईल का?

प्रतिसाद, सदाशिव पेठ

ठराव मलाही पटत नाही, तरी तुमच्या मांडणीशी मी सहमत नाही. बुद्धांनी सांगितलेल्या चार उपादानांत, म्हणजे घट्ट धरून ठेवण्याच्या प्रकारांत, दृष्टीला म्हणजे स्वतःच्या मताला चिकटून राहणे हेही एक आहे, आणि 'हेच खरे, बाकी सारे खोटे' म्हणत वाद घालणाऱ्यांना सुत्तनिपाताच्या अट्ठकवग्गात वारंवार सावध केले आहे. शिवाय सोण या भिक्खूला दिलेला वीणेचा दृष्टान्त आठवा: तारा फार ताणल्या किंवा फार सैल सोडल्या तर वीणा नीट वाजत नाही. प्रमाण सांभाळण्याचा विचार बुद्धवचनात आहेच, त्यामुळे त्या ज्येष्ठांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते.

प्रतिसाद, देहूरोड

वीणेचा दृष्टान्त कोणाला आणि कशासाठी दिला, हे सोडून चालणार नाही. चालून चालून सोणाचे पाय रक्तबंबाळ झाले होते आणि तो निराश होऊन घरी परतण्याचा विचार करत होता. त्याने स्वतःच्या साधनेत किती जोर लावावा, हे त्याला सांगितले. दुसऱ्याने किती जिने चढावेत, हे प्रमाण तिसऱ्याने ठरवण्यासाठी ती वीणा नाही.

आमच्या गावात २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. सम्यक दृष्टीला मुक्त मन आणि मुक्त विचार लागतो, हे त्यांनीच आम्हाला शिकवले. कोणाच्या सोबतीने लिफ्ट बाटते असे ज्याला मनातून वाटते त्याचे मन अजून बांधलेले आहे, आणि त्या बांधलेपणाला दहा वाजेपर्यंतची सवलत देऊन ते सुटत नाही.

प्रतिसाद, पाली अभ्यासक, डेक्कन

मुद्द्यापुरतेच लिहितो. कच्चानगोत्त सुत्तात 'सर्व आहे' हे एक टोक आणि 'सर्व नाही' हे दुसरे टोक म्हटले आहे. दोन्हींकडे न जाता तथागत, म्हणजे बुद्ध, 'मध्याने' धम्म सांगतात, आणि त्यापुढे लगेच अविद्येपासून दुःखापर्यंतची प्रतीत्यसमुत्पादाची, म्हणजे एका कारणातून पुढचे कसे उपजते याची, साखळी येते. 'अर्धे आहे, अर्धे नाही' असे तिथे कुठेही नाही. मध्य म्हणजे कारणांकडे पाहणे.

प्रतिसाद, सदाशिव पेठ

वीणेबाबतची दुरुस्ती मला मान्य आहे. तरीही एक प्रश्न उरतो. अभयराजकुमार सुत्तानुसार तथागत खरे आणि हितकारक तेच बोलतात, आणि तेही योग्य वेळ पाहून. सम्यक वाचाही त्याच मार्गाचे अंग आहे. आपण हे सभेत बोललात का?

धागालेखिका, कोथरूड

नाही. मी हातही वर केला नाही, कारण त्या ज्येष्ठांना सर्वांसमोर दुखवावेसे वाटले नाही. आपण दिलेल्याच सुत्तात अभयाच्या मांडीवर एक तान्हे मूल आहे, आणि त्याच्या तोंडात खडा गेला तर रक्त आले तरी मी तो काढीन, कारण मला त्याची दया येते, असे तो राजकुमार स्वतः कबूल करतो. आज ते पुन्हा वाचताना माझे मौन मला मध्यम मार्ग वाटेना. ठरावाचा फेरविचार व्हावा म्हणून चिटणिसांना द्यायचा अर्ज मी लिहायला घेतला आहे.

प्रतिसाद, सदाशिव पेठ

अर्ज जरूर द्या. मात्र त्यात सुत्तांचे दाखले घालू नका, नाहीतर सभा पुन्हा बुद्ध काय म्हणाले यावरच भांडेल. ज्यांच्याविषयी ठराव झाला, त्या बायकांचे म्हणणे सभेत कोणी विचारले होते का?

धागालेखिका, कोथरूड

कोणीच नाही, आणि मीसुद्धा नाही. आमच्याकडे येणाऱ्या ताई उद्या सकाळी साडेआठला येतील. अर्ज पुढे लिहिण्याआधी त्यांना विचारते.