डी अँड डी: लढाईच्या घरच्या नियमांबाबत सल्ला हवा आहे

घुबड_डीएम
नमस्कार मंडळी. आमचा गट 2014 च्या नियमपुस्तकानुसार डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) हा फासे टाकून पात्रे रंगवण्याचा खेळ खेळतो आणि लवकरच पहिल्या लेव्हलपासून नवी मोहीम सुरू करणार आहे. लढाईत रंगत यावी म्हणून मी दोन नियम योजले आहेत. हल्ल्याच्या वीसबाजूंच्या फाशावर 1 पडल्यास (फंबल) शस्त्र हातातून निसटावे किंवा शेजारच्या साथीदाराला लागावे. आणि 20 पडल्यास (क्रिटिकल, म्हणजे जबर फटका) डॅमेजचे, म्हणजे इजेचे, फासे दुप्पट टाकण्याऐवजी नेहमीच्या फाशांचे कमाल मूल्य धरून त्यात एक फेक मिळवावी, म्हणजे क्रिटिकल होऊनही दोन एक्के पडल्याचा विरस टळेल. दोन्ही नियम शत्रूंनाही लागू राहतील. यात काही खोट दिसते का?

फाशांचा_हिशोब
पहिल्या नियमात मोठी खोट आहे. मूळ नियमांत 1 पडला की हल्ला हुकतो, एवढेच. फायटरला (योद्ध्याला) एका पाळीत पाचव्या लेव्हलला दोन, अकराव्याला तीन आणि विसाव्याला चार हल्ले मिळतात. एका फेकीत 1 पडण्याची शक्यता 5 टक्के असली, तरी चार फेकींत तो एकदा तरी पडण्याची शक्यता सुमारे साडेअठरा टक्के होते. म्हणजे योद्धा जितका मुरलेला, तितकी त्याची तलवार अधिक वेळा हातातून पडणार! फायरबॉल (आगीचा गोळा) टाकणाऱ्या विझार्डला (जादूगाराला) मात्र हल्ल्याचा फासा टाकावाच लागत नाही, कारण सेव्हिंग थ्रो (बचावाची फेक) शत्रूंनी करायचा असतो, त्यामुळे तो नामानिराळा राहतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय?

तळघरातला_गॉब्लिन
वरील हिशोबाशी सहमत आहे, परंतु मला धास्ती दुसऱ्या नियमाची वाटते. पहिल्या लेव्हलच्या विझार्डचे कॉन्स्टिट्यूशन (शरीराचा काटकपणा) 10 असेल, तर त्याचे हिट पॉइंट (किती मार सोसेल ते गुण) 6 असतात, आणि शून्यावर आल्यानंतर उरलेले डॅमेजही 6 किंवा अधिक असेल, तर पात्र डेथ सेव्ह (जीव वाचवण्याची फेक) न करताच मरते. म्हणजे एका फटक्यात 12 पुरेसे आहेत. गॉब्लिन या छोट्या राक्षसाचे डॅमेज एक सहाबाजूंचा फासा अधिक 2. मूळ नियमाने त्याच्या क्रिटिकलमध्ये 12 गाठण्याची शक्यता सहात एक आहे, तुमच्या नियमाने ती थेट दोनात एक होते. शिवाय गॉब्लिन एका लढाईपुरता येतो आणि पात्रे पुढच्या प्रत्येक लढाईत मार खातात, त्यामुळे नियम दोघांना सारखा असला तरी त्याची झळ सारखी नसते. हा नियम फक्त खेळाडूंच्या फटक्यांना लावावा.

जुना_खेळगडी
फंबल सरसकट काढून टाकावा असे मला वाटत नाही. एक्क्यावर उसळणारा हशा काही टेबलांना हवाच असतो. तो प्रत्येक पाळीतील पहिल्याच हल्ल्याला लावावा, म्हणजे जास्त हल्ल्यांची शिक्षा होत नाही, आणि साथीदाराला इजा हा भाग गाळावा, कारण त्यावरून खेळाडूंमध्येच कुरबुर सुरू होते. रंगतच हवी असेल, तर हीलिंग पोशन (जखमा भरणारे औषध) पिणे पाळीतल्या मुख्य कृतीऐवजी जादा छोट्या कृतीत, म्हणजे बोनस अ‍ॅक्शनमध्ये बसवून पाहा. अनेक गटांत हा घरचा नियम आधीपासून होता आणि 2024 च्या सुधारित नियमांत तो अधिकृतपणे आला.

घुबड_डीएम
आभारी आहे. क्रिटिकलचा नियम केवळ खेळाडूंसाठी ठेवतो आणि पोशनचाही घेतो. फंबल पहिल्या हल्ल्यापुरता ठेवायचा की नाही, हे मात्र गटात फायटर घेणाऱ्यालाच ठरवू देईन.